परीक्षा भाऊसाहेबाची, नेमणूक वकीलसाहेबांची

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरची मुलगी सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे फौजदारी खटल्यांत सरकारची बाजू मांडणारा वकील, या पदासाठी एमपीएससीचा अभ्यास करते आहे. एलएलबी झालं, सनद मिळाली, दिवसा कुर्ल्याच्या कोर्टात एका सीनियरच्या मागे उभी राहते आणि रात्री पुस्तकं. परवा जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, तुम्ही सरकारी वकिलांच्या ऑफिसात होतात ना? हायकोर्टातल्या सहायक सरकारी वकिलाची, एजीपीची, जाहिरात केव्हा निघते? तीही परीक्षा देऊन ठेवीन म्हणते."

मी म्हटलं, "बाळा, त्याला परीक्षा नसते."

"मग नुसता इंटरव्ह्यू?"

"एमपीएससीचा तोही नसतो."

"मग घेतात कसे?"

जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नव्हतं. शिवाय तिच्या हातात भाजीची पिशवी होती आणि माझे गुडघे दुखत होते. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी १९८६ साली लिपिक-टंकलेखक म्हणून लागलो. लेखी परीक्षा दिली. टंकलेखनाची प्रमाणपत्रं दाखवली, मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०. वैद्यकीय तपासणी झाली. मग गावी कणकवलीला पोलीस पडताळणी. हवालदार घरी येऊन आईला विचारून गेला की मुलगा कुठल्या मोर्च्याबिर्च्यात असतो का. आईने त्याला चहा दिला आणि सांगितलं, त्याला सकाळी उठवायलाच दोन माणसं लागतात, मोर्च्यात कोण नेणार. पडताळणी निर्वेध आली.

एवढं सगळं झाल्यावर मला टेबल मिळालं. त्या टेबलावरून जे कागद कोर्टात जायचे, ते घेऊन न्यायमूर्तींसमोर उभं राहणाऱ्या माणसाला मात्र यातलं काही लागू नव्हतं. (कार्यालय कुठलं ते सांगत नाही. सरकारची कोर्टाची कामं बघणारी मुंबईत बरीच कार्यालयं आहेत, त्यांतलं एक समजा.) विधि व न्याय विभागाचा आदेश यायचा, आत नावांची यादी, खाली सही. सोमवारी यादीतली मंडळी हातावर गाऊन टाकून हजर. आम्ही त्यांना साहेब आणि मॅडम म्हणायचो, ते आम्हाला भाऊसाहेब. आमचं सेवापुस्तक असायचं, त्यांचं नसायचं. मला सुरुवातीला ही गोष्ट फार लागायची. कोट्यवधींच्या जमिनीचा खटला चालवणाऱ्याची परीक्षा नाही आणि त्याचं प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्याची आहे! नंतर नंतर यामागचं कारण कळत गेलं, आणि ते सगळंच चुकीचं नाही हेही कळलं.

आधी ही सूट नेमकी कशातून आहे ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं सरकारी वकील म्हणजे सरकारी नोकर. हायकोर्टात सरकारची दिवाणी आणि रिट (सरकारच्या निर्णयांविरुद्धच्या याचिकांची) कामं बघणारे सरकारी वकील, अतिरिक्त सरकारी वकील, सहायक सरकारी वकील म्हणजे एजीपी, आणि पॅनेलवरचे वकील, हे सगळे 'महाराष्ट्र विधि अधिकारी (नियुक्ती, सेवाशर्ती व पारिश्रमिक) नियम, १९८४' यांच्याखाली येतात. आम्हा कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे: वर्तणुकीचे १९७९ चे, शिस्त व अपिलाचे १९७९ चे, निवृत्तिवेतनाचे १९८२ चे. वकिलाला आमच्यातलं काही लागत नाही. त्याला पेन्शन नाही, ५८ व्या वर्षी निरोपाचा नारळ नाही, बदली नाही, वार्षिक वेतनवाढ नाही. पगाराऐवजी फी. खाजगी वकिली चालू ठेवता येते, मात्र सरकारच्या विरुद्ध उभं राहायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचं छत्र नाही. माझ्यासारख्या कारकुनाला बडतर्फ करायचं तर दोषारोपपत्र द्यावं लागतं, जोडपत्र १ ते ४ लावावी लागतात, चौकशी अधिकारी नेमावा लागतो, माझं म्हणणं ऐकावं लागतं. वकिलाला एक पत्र पुरतं.

तर ही सूट कशासाठी? याचं मला पटलेलं उत्तर एका प्रकरणात मिळालं.

२०२० साली कोर्टं व्हिडिओवर चालत होती तेव्हाची गोष्ट. अनुकंपा नियुक्तीचं प्रकरण होतं. एका कार्यालयातला शिपाई नोकरीत असताना वारला. बायकोचं नाव प्रतीक्षायादीत घेतलं. यादी पुढे सरकेना. तिला ४५ वर्षं पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे तिचं नाव यादीतून उडालं. तोवर मुलगा सज्ञान झाला होता. त्याने अर्ज केला, आईच्या जागी माझं नाव घ्या. विभागाने उत्तर दिलं की यादीतलं एका वारसाचं नाव काढून दुसऱ्याचं घालण्याची शासन निर्णयात तरतूद नाही. मुलगा हायकोर्टात गेला.

कागद आमच्याकडच्या एका एजीपी मॅडमकडे आले. त्यांनी वाचले आणि विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याला फोन लावला. मी समोरच बसलो होतो, मास्क लावून. मॅडम म्हणाल्या, "अहो, ही अट चालणार नाही असं औरंगाबाद खंडपीठाने याच वर्षी सांगितलंय. तुम्ही परिच्छेदनिहाय अभिप्रायात तीच अट पुन्हा लिहून पाठवलीत. मी काय बोलू कोर्टात?" पलीकडून उत्तर आलं की उपसचिवांचं म्हणणं आहे, विरोध करा. मॅडमनी क्षणभर फोनकडे बघितलं. मग शांतपणे सांगितलं, "उपसचिवांना माझा नमस्कार सांगा. मी उद्या कोर्टाला तो निकाल दाखवणार आहे. त्यांना पसंत नसेल तर आज संध्याकाळपर्यंत दुसरा वकील द्या."

दुसरा वकील कोणी दिला नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी निकाल दाखवला आणि काम दहा मिनिटांत संपलं. मुलाचं नाव यादीत घ्यायचा आदेश झाला. उपसचिव चिडले असतील, पण त्यांच्या हातात होतं काय? मॅडमचा गोपनीय अहवाल ते लिहीत नव्हते. त्यांना गडचिरोलीला पाठवता येत नव्हतं. त्यांची वेतनवाढ रोखता येत नव्हती. मॅडमची दुपारची खाजगी कामं चालूच होती.

आता त्याच जागी माझ्यासारखा कायम कर्मचारी उभा करा. ३११ चं छत्र माझ्या डोक्यावर होतं, नोकरी जाण्याची भीती नव्हती, तरी मी उपसचिवांना असं कधीही बोललो नसतो. नोकरी न घालवता माणसाला वाकवण्याच्या पंचवीस तऱ्हा सेवानियमांतच असतात. बदली, अहवालातला एखादा थंड शेरा, पदोन्नतीच्या वेळी नस्ती, म्हणजे फाइल, जरा मागे राहणं. म्हणून कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाला नोकरशाहीच्या उतरंडीबाहेर ठेवणं मला योग्य वाटतं. घरमालकाला जसा स्वतःचा वकील निवडायचा हक्क, तसा सरकारलाही. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये जोहरी मल प्रकरणात साधारण हेच म्हटलं: सरकारी वकिलाचं काम हे मुलकी पद नाही, आणि मुदत संपल्यावर पुन्हा नेमाच असा हक्क त्याला सांगता येत नाही.

दुसरं एक कारण फारसं कोणी सांगत नाही. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. सरकारी खात्यात लागून फक्त कोर्टकामच करणाऱ्यांचं काय, यावर बरंच भांडण झालं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दीपक अगरवाल खटल्यात ठरवलं की खात्यात पूर्णवेळ असलेला अभियोक्ता कोर्टात काम चालवत असेल तर तो वकीलच राहतो, जिल्हा न्यायाधीशपदाच्या अनुभवासाठीसुद्धा. म्हणजे आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने घाबरायचं कारण नाही. परीक्षा देऊन आत गेली तरी पुढचा रस्ता बंद होत नाही.

हे सगळं सुटीच्या बाजूचं. आता मी टेबलामागून जे बघितलं ते.

राज्यात सरकार बदललं की आमच्याकडे दोनतीन महिने विचित्र जायचे. जुने वकील कोर्टात उभे राहायचे, पण त्यांचं मन लागायचं नाही. अर्धे जण आमच्या टेबलापाशी येऊन हळूच विचारायचे, "भाऊसाहेब, यादी आली का?" आम्हाला काय ठाऊक? आम्ही मंत्रालयातल्या ओळखीच्या कारकुनाला विचारायचो, तो आम्हालाच उलटं विचारायचा. मग एके दिवशी यादी यायची. काही नावं राहिलेली, बरीच गेलेली. गेलेल्यांत कामचुकार असायचे तसे अगदी सोन्यासारखे वकीलही असायचे, आणि आलेल्यांचंही तेच. निकष काय, हे यादीवर लिहिलेलं नसायचं.

त्यानंतरचे पंधरा दिवस खरे बघण्यासारखे. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, बघायचा: कोर्ट अमुक, अनुक्रमांक अमुक, सरकारतर्फे जुन्या वकिलाचं नाव. नवे साहेब धावत यायचे, "भाऊसाहेब, यात काय आहे?" मी त्यांना जिन्यावरून उतरता उतरता सांगायचो की यात पाणीपुरवठा विभागाचं प्रतिज्ञापत्र दाखल झालंय, महसूलचं आलेलं नाही, मागच्या तारखेला न्यायमूर्ती रागावले होते, आणि अर्जदाराच्या वकिलाला खरं तर तडजोड हवी आहे. एवढ्या भांडवलावर ते आत जाऊन उभे राहायचे. बहुतेक वेळा "सूचना घेण्यासाठी वेळ द्या" एवढंच म्हणून बाहेर यायचे. न्यायमूर्ती विचारायचे, "सरकारला अजून किती वर्षं सूचना घ्यायच्या आहेत?" याला उत्तर नसतं. मान खाली घालून तारीख लिहून घ्यायची.

ही वेळ मागण्याची किंमत त्या वकिलाला पडत नाही, सरकारलाही फारशी नाही. ती पडते पलीकडच्या बाकावर बसलेल्या माणसाला. जळगावहून रात्रीच्या गाडीने आलेला निवृत्त शिक्षक, पिशवीत डबा, खिशात परतीचं तिकीट. तारीख पडली की तो बाहेर येऊन आम्हालाच विचारायचा, आता पुढे काय. आम्ही कोण सांगणारे? तरी सांगायचो.

सरसकट बदलाचं टोक उत्तर प्रदेशने १९९० मध्ये गाठलं होतं. फेब्रुवारीत एक परिपत्रक निघालं आणि राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतले सगळे सरकारी वकील महिनाअखेरीस मोकळे. कोणाची मुदत संपलीय, कोणाची चालू आहे, कोणाचं काम चांगलं, काही न बघता. श्रीलेखा विद्यार्थी नावाच्या वकील बाई सुप्रीम कोर्टात गेल्या. सरकारचं म्हणणं, हा करार आहे, करार आम्ही संपवला, यात कोर्टाने बघण्यासारखं काही नाही. सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. सरकार करार करतं तेव्हाही ते सरकारच असतं, मनमानी करायची मुभा त्याला तिथेही नाही, समानतेचा १४ वा अनुच्छेद तिथेही लागू आहे, असा त्या निकालाचा आशय. हा निकाल आमच्याकडच्या एका वयस्क सरकारी वकिलांच्या टेबलाच्या काचेखाली घडी करून ठेवलेला असायचा. दर वेळी यादी यायच्या सुमारास ते ती घडी उलगडून वाचायचे. त्यांना कोणी काढलं नाही, ते स्वतःच कंटाळून गेले.

मला वाटतं खरा गोंधळ इथे आहे. सूट द्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती सगळ्या सुटी एका गठ्ठ्यात बांधून देण्याला. परीक्षेतून सूट ही एक गोष्ट. पेन्शन आणि वेतनश्रेणीतून सूट ही दुसरी. काढताना कारण देण्यापासून सूट ही तिसरी. आणि निवड कशी केली हे कोणालाच न सांगण्याची सूट ही चौथी. पहिल्या दोन सुटींना कामाच्या स्वरूपातलं कारण आहे. उरलेल्या दोन त्यांच्या आडून आत शिरल्या आहेत. आणि बिंदुनामावलीचं, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षित प्रवर्गाची याच्या तक्त्याचं, तर कोणी नावच घेत नाही. आमच्या कार्यालयात शिपायाची एक जागा भरायची तरी बिंदुनामावली तपासून आणावी लागे, कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा ते मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित करून. वकिलांची यादी यायची तिच्यावर असला शिक्का मी कधी बघितला नाही.

अमेरिकेचं उदाहरण हल्ली बातम्यांत येत असतं म्हणून थोडं खोलात वाचलं, आणि मला जरा आश्चर्य वाटलं. तिथे संघ सरकारच्या वकिलांना स्पर्धा परीक्षेतून फार पूर्वीपासून सूट आहे. तिथल्या सरकारी नोकरभरतीत परीक्षा आली ती १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने. त्याआधी निवडणूक जिंकली की नोकऱ्या वाटायच्या अशी रीत होती, आणि नोकरी मिळाली नाही म्हणून एका माणसाने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली होती. कायदा आला तो त्या धक्क्यातून. तरी वकील परीक्षेबाहेर राहिले. पण गंमत पुढे आहे. १९९० च्या एका कायद्याने अशा सूट असलेल्या जागांवरच्या कर्मचाऱ्यांनाही, साधारण दोन वर्षं सलग काम झाल्यावर, काढलं तर अपील करण्याचा हक्क दिला. म्हणजे आत येताना परीक्षा नाही, पण बाहेर काढताना कारण हवं. माझ्या चार सुटींतली पहिली त्यांनी दिली, तिसरी बऱ्याच अंशी काढून घेतली. मला हे शहाणपणाचं वाटलं.

जिल्ह्याचे मुख्य सरकारी वकील मात्र तिथे वेगळे. ते ९३ आहेत, राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं, आणि राष्ट्राध्यक्ष त्यांना कधीही काढू शकतात. पण २००६ च्या डिसेंबरात त्यांतल्या सात जणांना एकदम घरी पाठवलं तेव्हा, राजकारणासाठी काढलं का, या प्रश्नावर एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालिस यांना राजीनामा द्यावा लागला. अधिकार होता. कारण मात्र विचारलं गेलं.

आता तिथलं वारं फिरलंय. जुलै २०१८ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून प्रशासकीय न्यायाधीशांच्या नेमणुका स्पर्धा परीक्षेबाहेर काढल्या. ही मंडळी सरकारी खात्यांत बसून अपंगत्व निवृत्तिवेतनासारखे दावे ऐकतात. निमित्त होतं अशा न्यायाधीशांच्या नेमणुकीबद्दलच्या, महिनाभर आधीच्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या लुसिया निकालाचं. धोरणाशी संबंधित कायम कर्मचाऱ्यांना संरक्षणाबाहेर नेणारा आदेश ऑक्टोबर २०२० मध्ये आला, जानेवारी २०२१ मध्ये बायडन यांनी रद्द केला, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा आला. त्यांचं ते बघतील. मला एवढंच दिसतं की जो माणूस सरकार आणि नागरिक यांच्यात निवाडा करतो त्याची खुर्ची आणि जो सरकारची बाजू मांडतो त्याची खुर्ची, या दोन्हींना एकच सूट लावता येत नाही.

आपल्याकडे हाच फरक फौजदारी बाजूला करावा लागतो. दिवाणी एजीपीचा अशील सरकार. सरकारी अभियोक्त्याचं तसं नाही. खटला मागे घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने अभियोक्त्याला दिलाय, कोर्टाच्या संमतीने. गृहखात्याला नाही. आता ज्याची नेमणूक सरकारच्या मनावर, तो गृहखात्याला "नाही" कसं म्हणणार?

खालच्या कोर्टात यावर उपाय झाला, पण रडतखडत. १ एप्रिल १९७४ ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली. आपल्याकडे त्या वेळी जे पोलीस प्रॉसिक्युटर होते त्यांनाच सहायक सरकारी अभियोक्ता केलं आणि ताबा राहिला पोलीस खात्याकडे. तपास पोलिसांचा, खटला चालवणाऱ्यावर शिस्तीचा बडगाही पोलिसांचा. त्यांच्यातलेच काही जण भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात कोर्टाने सांगितलं की यांचा स्वतंत्र संवर्ग करा, पोलिसांच्या नियंत्रणातून बाहेर काढा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आज जी परीक्षा देते आहे, ती त्या संवर्गाची. तिथे सेवानियम हवेतच. तिला पोलीस निरीक्षकाला सांगता आलं पाहिजे की तुमच्या पंचनाम्यात दम नाही, आणि त्यासाठी तिच्या डोक्यावर ३११ असलेलं बरं. उपसचिवांना न वाकणाऱ्या एजीपी मॅडमच्या उलट वाटेल हे, पण मॅडमना खाजगी कामाचा आधार होता. दंडाधिकारी न्यायालयात रोज साठ केसेस हाताळणाऱ्या मुलीला तो नसतो.

सत्र न्यायालयात मात्र मामला पुन्हा ढिला राहिला. १९७४ च्या मूळ संहितेत (२०२४ मध्ये तिची जागा नव्या संहितेने घेतली) होतं की जिल्हादंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांचं पॅनेल तयार करावं, वकिलाची किमान सात वर्षं वकिली झालेली असावी. महाराष्ट्राने १९८१ मध्ये दुरुस्ती करून सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत काढली आणि तिथे राज्य शासनाची मान्यता घातली. ज्या न्यायाधीशासमोर हा माणूस रोज उभा राहणार, ज्याला त्याची तयारी, त्याचा प्रामाणिकपणा, त्याचं उशिरा येणं सगळं ठाऊक, त्यालाच विचारायचं नाही, अशी ती दुरुस्ती होती. एवढी वर्षं कायद्याचे कागद हाताळले, पण या दुरुस्तीचं समाधानकारक कारण मला कोणी सांगितलेलं नाही.

कोणी म्हणेल, सगळं नियमात बांधून चांगला वकील मिळतो का? नाही मिळत. महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचा सर्वोच्च वकील, हे तर घटनेतलंच पद, १६५ वा अनुच्छेद, राज्यपालांची मर्जी असेपर्यंत. एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ या पदावर होते. यशवंतराव चव्हाणांपासून वसंतराव नाईकांपर्यंत मुख्यमंत्री बदलले, सीरवाई राहिले. त्यांना कोणताही सेवानियम धरून ठेवत नव्हता. उलट श्रीहरी अणे यांना मार्च २०१६ मध्ये वेगळ्या राज्यांबद्दलच्या वक्तव्यांवरून झालेल्या वादात राजीनामा द्यावा लागला. वरच्या खुर्चीवर हे असंच चालणार आणि चालावं. ती खुर्ची सरकारच्या विश्वासाची आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, काय घडलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. यादीतल्या शंभराव्या पॅनेल वकिलाबद्दल पेपरात काही येत नाही.

त्या शंभराव्या नावासाठी काय करावं हे पंजाबातल्या सरकारी वकिलांच्या नेमणुकांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या प्रकरणात आलंय. ३० मार्च २०१६ चा निकाल, सरन्यायाधीश ठाकूर आणि न्यायमूर्ती कुरियन जोसेफ. गरज किती याचा अंदाज न घेता वकील नेमले जातात, असं सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनेच दाखवून दिलं होतं. कोर्टाने म्हटलं, आधी किती वकील लागतात ते ठरवा, मग निवड समितीमार्फत अर्ज बघा, न्यायाधीशांचं मत घ्या. पंजाबने २०१७ मध्ये त्यासाठी कायदा केला, आणि पुढे महाधिवक्त्यांच्या कार्यालयात अनुसूचित जातींसाठी जागाही राखल्या. म्हणजे नोकरीचे नियम न लावताही निवडीला नियम लावता येतात, आरक्षणसुद्धा आणता येतं.

माझी मागणी याहून लहान आहे, कारकुनी आहे. यादीतल्या सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपवू नका, दरवर्षी एक तृतीयांश संपवा. आणि जाणाऱ्या वकिलाकडून प्रत्येक चालू प्रकरणाची एक पानाची टिपणी घ्या: काय मागितलंय, काय दाखल झालं, काय राहिलं, कोर्ट मागच्या वेळी काय म्हणालं. ती दिल्याशिवाय शेवटचं फीचं बिल पुढे पाठवू नका. बिलाला टिपणी जोडलेली नाही म्हणून परत पाठवायला आमच्यासारखे भाऊसाहेब पुरेसे आहेत, आणि ते काम आम्हाला मनापासून आवडतं. मी २०२१ मध्ये निवृत्त झालो त्या दिवशी कार्यभार सुपूर्द केल्याच्या यादीवर दोन प्रतींत सही केली. त्यात चालू नस्त्या होत्या, कपाटाच्या किल्ल्या होत्या, एक पंचिंग मशीन होतं आणि 'स्टुलाचा एक पाय हलतो' असा शेराही होता.